प्रोफेशनल हेडशॉट : खर्च किती, कशाचा आणि कुणी करावा

हेडशॉट काढून घ्यायचा म्हटलं की पुण्यात एक जण हजार रुपये सांगतो आणि दुसरा पंधरा हजार. दोघांचे नमुने मोबाईलवर पाहिले तर फरक पटकन लक्षातही येत नाही. हा फरक कुठून येतो आणि त्यातलं आपल्याला किती लागतं, हे ज्याचं त्याला ठरवता यावं म्हणून ही प्रश्नोत्तरं. इथले भाव पुणे-मुंबईकडचे आणि ढोबळ आहेत. पैसे भरण्याआधी दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन घ्याच.

हेडशॉट आणि पासपोर्ट फोटो यांत फरक काय? दोन्हीत चेहराच तर असतो.

पासपोर्ट फोटोचं काम ओळख पटवण्याचं. ३५ × ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सपाट उजेड, चेहऱ्यावर काही भाव नाही. अमेरिकेच्या व्हिसाला ५१ × ५१ मिलिमीटरचा चौकोनी फोटो लागतो आणि नोव्हेंबर २०१६ पासून त्यात चष्माही चालत नाही. हेडशॉट वेगळ्या कामासाठी असतो. आपल्याला न भेटलेला माणूस आधी तो फोटो बघतो आणि फोन करायचा की नाही ते ठरवतो. म्हणून त्यात डोक्यापासून छातीपर्यंतचा भाग, चेहऱ्याला आकार देणारा उजेड आणि आत्ता बोलायला लागेल असा चेहरा हवा. एकाच्या जागी दुसरा चालवू नका. पासपोर्ट फोटो लिंक्डइनवर लावला की चांगला हसतमुख माणूसही धास्तावल्यासारखा दिसतो.

साधारण भाव काय आहे?

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत ५०० ते १,५०० रुपयांत काम होतं. दहा मिनिटांचा वेळ, एक-दोन फोटो, रंग-उजेड ठीकठाक करून. नियमित हेडशॉट करणारा फोटोग्राफर साधारण ३,००० ते ८,००० घेतो. त्यात पाऊण ते दीड तास, कपड्यांचे दोन-तीन बदल आणि तीन ते पाच एडिट केलेले फोटो असतात. मेकअप आर्टिस्ट, स्टायलिस्ट आणि दोन-तीन वेगळे सेटअप असतील तर १०,००० ते २५,००० आणि त्याच्याही वर. कंपनीत येऊन काढायचे तर माणशी ६०० ते २,००० रुपये, पण त्यावर दिवसाची किमान रक्कम ठरलेली असते. पाचच माणसं असली तरी तेवढी द्यावी लागते.

नुसता आकडा ऐकून तुलना करू नका. एकाने २,५०० सांगितले, त्यात एक फोटो आणि पुढचा प्रत्येक फोटो ८०० रुपये. दुसऱ्याने पाच फोटोंचे ५,००० सांगितले. तुम्हाला चार फोटो हवे असतील तर पहिल्याकडे ४,९०० होतात. म्हणजे ‘स्वस्त’ कोटेशन शंभर रुपयांनी स्वस्त आणि एक फोटो कमी. फोटोग्राफर जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वर, म्हणजे ५,००० चे ५,९००. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि कर मात्र लावला असेल, तर तिथेच विचारा.

बटण दाबायला सेकंद लागतो. मग एवढे पैसे कसले?

समजा ६,००० रुपयांचं काम आहे, तीन एडिट केलेले फोटो. आधी फोनवर बोलणं २० मिनिटं. लाइट लावणं अर्धा तास. शूट ४५ मिनिटं. तुमच्यासोबत बसून निवड २० मिनिटं. आवराआवर १५ मिनिटं. फाइली दोन ठिकाणी कॉपी करून नको ते बाजूला काढणं अर्धा तास. एका फोटोला अर्धा तास धरला तर तीन फोटोंच्या एडिटिंगला दीड तास. शेवटी वेगवेगळ्या मापात फाइली काढून पाठवणं १५ मिनिटं. बेरीज साधारण साडेचार तास, त्यातले दोन तास भाड्याच्या स्टुडिओत. तासाला ८०० धरले तर भाडं १,६००, मदतनिसाचे ८००. राहिलेल्या ३,६०० मध्ये फोटोग्राफरची मेहनत, सॉफ्टवेअरचं भाडं, काम नसलेले दिवस आणि सामानाची झीज आली. कॅमेऱ्याचं शटर दीड-दोन लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. एका शूटमध्ये त्यातले शंभर-दीडशे सहज खर्च होतात.

पण गिऱ्हाईक म्हणून तुम्ही खरी किंमत मोजता ती त्या ४५ मिनिटांची. इतकं मोठं विधान का, ते पुढच्या उत्तरात.

हजार रुपयांतला हेडशॉट वाईटच असतो का?

मुळीच नाही. कॉलेजच्या प्लेसमेंट फॉर्मला किंवा ऑफिसच्या अंतर्गत डिरेक्टरीला तो पुरतो. कॅमेरा आणि लाइट तिथेही बऱ्यापैकी असतात. कात्री लागते ती वेळेला.

कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाकडे जवळून पाहा. पहिल्या पाच-दहा मिनिटांत खांदे कानांकडे चढलेले असतात. माणूस श्वास धरून बसतो. ओठ हसतात, पण खालची पापणी ढिम्म हलत नाही, म्हणून डोळे बटणासारखे उघडे राहतात. हनुवटी मागे खेचलेली असते, त्यामुळे बारीक माणसालाही दुहेरी हनुवटी येते. मग चांगला फोटोग्राफर बोलता बोलता सांगतो, ‘कपाळ माझ्याकडे थोडं पुढे आणा, कासवासारखं. आता हनुवटी किंचित खाली.’ बसणाऱ्याला हे भलतंच अवघड वाटतं, पण समोरून जबड्याची रेषा स्वच्छ उमटते. ‘श्वास सोडा’ म्हटलं की खांदे बोटभर खाली येतात. खालची पापणी जराशी वर आली की नजरेत आत्मविश्वास दिसतो. हे सगळं जुळायला बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांच्या स्लॉटमध्ये ती वेळ येण्याआधीच पुढचं गिऱ्हाईक आत आलेलं असतं. म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न ‘किती वेळ देणार?’ हाच विचारा. कॅमेरा कुठला, हे नंतर विचारलं तरी चालेल.

पैसे वसूल होतात का?

हे चेहरा कुठे आणि किती वेळा दिसणार यावर आहे. वकील, सल्लागार, विमा प्रतिनिधी, आर्किटेक्ट, समुपदेशक, वक्ते, नोकरी बदलणारे वरिष्ठ, स्वतःच्या नावावर धंदा करणारे सगळे, यांचा फोटो वेबसाइट, लिंक्डइन, गूगलवरची नोंद, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, कार्यक्रमाची पत्रिका, वर्तमानपत्रातला लेख अशा सगळ्या ठिकाणी फिरतो. ६,००० रुपयांचा फोटो तीन वर्षं वापरला तर महिन्याला १६७ रुपये पडतात. एवढं त्यांना परवडतं.

ज्यांना परवडण्याचा प्रश्न आहे त्यांना आम्ही सरळ सांगतो की थांबा. पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलाने किंवा मुलीने उसने पैसे घेऊन हेडशॉट काढू नये. खाली सांगितलेला खिडकीतला फोटो त्यांच्या कामाला पुरेसा आहे. फोटोमुळे नोकरी मिळत नाही. वाईट फोटोमुळे लोक प्रोफाइल न वाचता पुढे जाऊ शकतात, एवढंच. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये अर्ज करत असाल तर सीव्हीवर फोटो लावूच नका, तिथे तशी पद्धत नाही. लिंक्डइनवर मात्र हवा.

घरी मोबाईलवर काढला तर चालेल का?

चालेल, नीट काढला तर. सेल्फीत नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर असतात. मोबाईल नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ वर जातात, आणि नाक कानांच्या तुलनेत ३० टक्के मोठं उमटतं. तोच मोबाईल दीड मीटरवर नेला तर हा फरक ८ टक्क्यांवर येतो. म्हणून पहिला नियम असा की कुणाला तरी फोन धरायला सांगा आणि त्याला पाच फूट लांब उभं करा.

आता खिडकी. थेट ऊन येत नसलेली मोठी खिडकी निवडा, वेळ सकाळी नऊ ते अकरा. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खिडकीकडे अर्धवट वळून उभे राहा. खिडकी डोळ्यांच्या पातळीच्या थोडी वर असेल तर उत्तम. गजांच्या किंवा ग्रिलच्या सावल्या चेहऱ्यावर पडत असतील तर अजून फूटभर मागे सरका. चेहऱ्याची दुसरी बाजू काळवंडते, तिथे दोन फुटांवर स्टेशनरीच्या दुकानातली थर्मोकोलची पांढरी शीट धरा. भल्याभल्या स्टुडिओतही हीच थर्मोकोल शीट वापरतात. घरातले सगळे दिवे बंद करा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो, आणि ते नंतर दुरुस्त करणं किचकट असतं. मागची भिंत चार-पाच फूट दूर ठेवा, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही.

मागचाच कॅमेरा वापरा. लेन्स मऊ कापडाने पुसा. बोटाच्या तेलकटपणामुळे अख्ख्या फोटोवर धुकं येतं, आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. २एक्स किंवा ३एक्सची लेन्स असेल तर ती निवडा. नसेल तर पाच फुटांवरूनच काढा आणि नंतर कापा. १२ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी २,००० × १,५०० पिक्सेल उरतात. लिंक्डइनला किमान ४०० × ४०० लागतात. ब्यूटी फिल्टर बंद. पोर्ट्रेट मोडही बंद ठेवलेला बरा, कारण तो भुरभुरे केस, चष्म्याची काडी आणि कानातल्याची कड खाऊन टाकतो. चेहऱ्यावर टॅप करून उजेड जरासा कमी करा. चाळीस-पन्नास फोटो काढा, तीन बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यातला एक निवडा.

फोटोग्राफरचे नमुने बघताना काय बघायचं?

सर्वात आधी, त्याच्याकडे तुमच्यासारखी माणसं आहेत का? नुसत्या विशीतल्या मॉडेल असतील तर पन्नाशीतल्या, टक्कल पडलेल्या, चष्मा लावणाऱ्या किंवा सावळ्या माणसाचं तो काय करतो ते कळत नाही.

मग मोबाईलवर फोटो मोठा करून डोळे पाहा. बुबुळाच्या वरच्या भागात, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी, लाइटचा एक स्वच्छ ठिपका दिसायला हवा. तो खाली असेल तर लाइट खालून मारला आहे. ठिपकाच नसेल तर नजर मेल्यासारखी वाटते. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या धारदार हव्यात. पार्श्वभूमी धूसर करायच्या नादात बरेच जण एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड खूप उघडं ठेवून काढतात, आणि चेहरा जरा वळलेला असला की एकच डोळा स्पष्ट येतो. हेडशॉटला एफ ५.६ ते एफ ८ हे सुरक्षित.

आपल्याकडे खास बघायची गोष्ट म्हणजे केस. काळे केस गडद पार्श्वभूमीवर विरघळून जातात आणि डोक्याचा आकारच हरवतो. चांगल्या कामात मागून एक हलका लाइट असतो, त्याने केसांची कड वेगळी उठते. सावळ्या त्वचेवर चमक आणि खोली दिसते का, की राखेसारखी करडी झाली आहे, तेही बघा. राखाडी त्वचा म्हणजे उजेड कमी दिला आणि नंतर कॉम्प्युटरवर ओढून वर आणला.

आणि शेवटी, दहा माणसांच्या चेहऱ्यावर एकच हसू आहे का? तसं असेल तर तो सगळ्यांकडून तेच करून घेतो, माणूस बघत नाही.

कपडे कोणते घालू?

गडद, एकरंगी, अंगाला बसणारे. नेव्ही, बाटली हिरवा, मरून, वांगी रंग, कोळसा-करडा. बारीक चौकड्या आणि बारीक रेघा नकोत. कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी आणि कापडाची वीण एकमेकांत अडकून इंद्रधनुषी लाटा उमटतात, त्या सहज जात नाहीत. नुसता पांढरा शर्ट घातला तर नजर चेहऱ्याऐवजी शर्टावर जाते, आणि लाइटच्या उजेडात आतल्या बनियनची कड दिसते. वर जाकीट किंवा ब्लेझर असेल तर पांढरा छान.

साडी असेल तर सुती, लिनन किंवा मऊ रेशीम. भरजरी काठ मानेजवळ आला की लाइटमध्ये चमकतो, म्हणून पदर पिनअप करून काठ खांद्याबाहेर ठेवा. खांद्यावरच्या निऱ्या सारख्या मापाच्या घाला, फोटोत साडीचा तेवढाच भाग दिसतो. मंगळसूत्र, टिकली, नथ, टोपी, फेटा यांचा नियम एकच : रोज घालत असाल तर फोटोत ठेवा, घालत नसाल तर फोटोपुरतं घालू नका.

कपडे इस्त्री करून, हँगरवर, गाडीत लटकवून आणा. घालून आलात तर सीटबेल्टची तिरकी घडी छातीवर घेऊनच याल. सुरकुत्या एडिटिंगमध्ये काढता येतात, पण एका शर्टाला चेहऱ्याइतकाच वेळ जातो आणि त्याचे पैसे तुम्हीच देता.

मेकअप, केस, दाढी?

केस आठवडाभर आधी कापा. ताज्या कटिंगला कानांमागची कातडी उघडी पडलेली दिसते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल निदान तीन दिवस आधी. दाढी त्याच सकाळी, पण शूटच्या दोन तास आधी, म्हणजे लाली उतरते.

मेकअपसाठी वेगळे १,५०० ते ४,००० रुपये लागतात. गरज प्रत्येकाला नसते. पण मुंबईच्या दमट हवेत कपाळ आणि नाक दहा मिनिटांत चमकायला लागतं, त्यामुळे टिपकागद आणि हलकी पावडर पुरुषांनाही लागते. स्वतः मेकअप करणार असाल तर एक धोका ध्यानात घ्या. सनस्क्रीनयुक्त फाउंडेशनमधले झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, तसंच सिलिकाची ‘एचडी’ पावडर, फ्लॅशचा उजेड परत फेकतात. आरशात चेहरा छान दिसतो आणि फोटोत पिठात बुडवल्यासारखा पांढरा. त्या दिवशी एसपीएफवालं काही लावू नका, आणि फाउंडेशनचा रंग गालापेक्षा मानेशी जुळवून बघा.

चष्मा काढावा का?

रोज लावत असाल तर अजिबात काढू नका. तो काढला की डोळ्यांखाली फ्रेमच्या खुणा दिसतात आणि भेटल्यावर लोकांना ओळखायला वेळ लागतो. काचेवरची चमक घालवायची जबाबदारी फोटोग्राफरची आहे. लाइट वर चढवायचा, काड्या कानांवरून सेंटीमीटरभर उचलायच्या म्हणजे काचा किंचित खाली झुकतात, आणि हनुवटी जरा खाली. मायनस नंबर मोठा असेल तर चेहरा फार वळवू नका, कारण काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा बाहेरच्या शूटला त्रास देतात. जुना साधा चष्मा सोबत ठेवा.

रिटचिंग किती करावं? थोडं गोरं करून मिळेल का?

रिटचिंगची सोपी फूटपट्टी म्हणजे दोन आठवड्यांत आपोआप जाणारं जे आहे ते काढावं : पुटकुळी, दाढीचा कट, झोप न झाल्याने आलेली काळी वर्तुळं थोडी हलकी, उडालेला एखादा केस, शर्टावरचा धागा. कायमचं आहे ते राहू द्यावं : तीळ, व्रण, हसण्याच्या रेषा, पांढरे केस. सुरकुत्या पुसल्या की वीस वर्षांचा अनुभवही पुसला जातो, आणि अनुभवासाठीच तर लोक तुमच्याकडे येत असतात. त्वचेची छिद्रं दिसत नसतील तर रिटचिंग जास्त झालं आहे.

गोरं करणं ही मागणी रोजची आहे, आणि तिला आमचं उत्तर नकाराचं आहे. सावळा रंग हा दोष नाही, म्हणून तो दुरुस्त करायचाही नाही. शिवाय व्यवहार म्हणूनही ते नुकसानीचं आहे. समोरचा माणूस भेटतो तेव्हा फोटो खोटा पडतो, आणि भेटीची पहिली पाच सेकंदं त्याच गोंधळात जातात. बहुतेक वेळा ज्याला लोक ‘काळा आला’ म्हणतात तो फोटो नुसता कमी उजेडाचा असतो. मोठा मऊ लाइट, म्हणजे १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स चेहऱ्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर आणला की सावळी त्वचा अशी झळाळते की तक्रार उरत नाही. आपल्या रंगाचा चांगला फोटो अनेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. तो देणं हे फोटोग्राफरचं काम आहे.

अभिनयासाठी हाच फोटो चालेल का?

नाही. अंधेरी पश्चिमेला, आरामनगर-वर्सोवा भागात कास्टिंगची जी ऑफिसं आहेत तिथे साधे, ताजे, जवळपास बिनमेकअपचे फोटो लागतात : क्लोजअप, कमरेपर्यंत, पूर्ण उभा, डावी आणि उजवी बाजू, सोबत ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ. दाढी वाढवली, केस कापले, वजन बदललं की लगेच नवे. त्यामुळे ४०,००० चा चकचकीत पोर्टफोलिओ एकदाच करण्यापेक्षा दर सहा-आठ महिन्यांनी साधे फोटो काढणं शहाणपणाचं. आणि ‘आमच्याकडूनच पोर्टफोलिओ काढा, मग ऑडिशन देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. ऑडिशनसाठी पैसे द्यायचे नसतात.

ऑफिसमधल्या चाळीस जणांचे काढायचे आहेत. तयारी काय?

जागा किमान १० × १५ फूट, छत ९ फूट, पडदे किंवा ब्लाइंड्स बंद करता येतील अशी. छतावरचे दिवे बंद करता येत नसतील तर आधी सांगा. मांडणीला तास-दीड तास. माणशी ६ मिनिटं धरली तर चाळीस जणांचे चार तास. मध्ये जेवण आणि उशिरा येणारे धरून पूर्ण दिवस राखा. एका दिवसात सत्तर-ऐंशी उरकायचा हट्ट धरला की शेवटच्या तीस जणांचे चेहरे सांगतात की त्यांना घाई केली गेली.

एचआरने क्रमवार यादी द्यावी, त्यात एम्प्लॉयी कोड असावा. फाइलींना तेच नाव दिलं की पुढचा घोळ टळतो. नाहीतर कॅमेऱ्याने आपोआप नाव दिलेल्या ‘आयएमजी ४५२१’ या फाइलीतला माणूस कोण, हे शोधण्यात पुढे तीन दिवस जातात. लॅपटॉप जोडून प्रत्येकाला आपला फोटो तिथेच निवडू द्या. आणि फोटोग्राफरकडून मांडणीची नोंद मागून घ्या : लाइट किती उंचीवर, किती अंतरावर, पॉवर किती, बॅकड्रॉपचा रंग कुठला, जमिनीवर टेप कुठे लावली. सहा महिन्यांनी आलेल्या नव्या माणसाचा फोटो बाकीच्यांशी जुळला पाहिजे. ही नोंद नसेल तर वेबसाइटच्या ‘आमची टीम’ पानावर तो माणूस पाहुणा वाटतो.

फोटोचा हक्क कुणाचा? रॉ फाइली का देत नाहीत?

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ब) प्रमाणे, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. अमेरिकेत सर्वसाधारणपणे हक्क फोटोग्राफरकडे राहतो, आणि इथल्या अनेकांचे करार तिथून उचललेले असतात. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचा. तुम्हाला वेबसाइट, छापील साहित्य, जाहिरात सगळीकडे वापरता येईल असं स्पष्ट लिहून घ्या, आणि फोटोग्राफरने तुमचा चेहरा स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायचा की नाही तेही.

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेली, एडिट न केलेली फाइल, म्हणजे कच्चा माल. बहुतेक फोटोग्राफर ती देत नाहीत, कारण त्यावर दुसऱ्याने केलेलं वेडंवाकडं एडिटिंग त्यांच्या नावावर फिरतं. तुम्हाला तिची गरजही नसते. गरज असते ती दोन मापांची : छपाईसाठी लांब बाजू ३,००० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) दहा इंच, आणि वेबसाठी १,२०० च्या आसपास. रंगाची सेटिंग एसआरजीबी हवी. अ‍ॅडोबी आरजीबीमधली फाइल काही ठिकाणी फिकी, आजारी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ती दाबली जाते. चेहऱ्याभोवती मोकळी जागा सोडलेला एक फोटो नक्की घ्या, कारण लिंक्डइन गोल कापतं आणि तंग फोटोत डोकं कापलं जातं.

एआयने पाचशे रुपयांत पन्नास हेडशॉट मिळतात. मग?

दहा-वीस सेल्फी दिल्या की सुटाबुटातला माणूस तयार होतो, आणि लांबून तो तुमच्यासारखा दिसतो. जवळून पाहिलं की गालावरचा तीळ गेलेला, कानाची पाळी वेगळी, मंगळसूत्राचे मणी साखळीत वितळलेले, साडीच्या निऱ्या खांद्यावर सुरू होऊन कुठेच न संपणाऱ्या. रंग बऱ्याचदा दोन छटा उजळ आणि वय पाच-सात वर्षं कमी. गेमिंगच्या प्रोफाइलला वापरा. ज्या कामात माणूस तुम्हाला प्रत्यक्ष भेटणार आहे, तिथे नको. वापरलंच तर दिलेल्या सेल्फी कंपनी किती दिवस ठेवते, ते तिच्या अटींमध्ये वाचा.

किती वर्षांनी नवा काढावा?

दोन ते तीन. दाढी ठेवली, चष्मा लागला, केस पांढरे सोडले, वजन बरंच बदललं, तर त्याआधी.

फोटो मिळाले, पण आवडत नाहीत. आता?

आधी एक प्रयोग करा : फोटो मोबाईलवर आडवा उलटा, म्हणजे डावं-उजवं बदला. आयुष्यभर आपण स्वतःला आरशात बघतो, त्यामुळे भांग दुसऱ्या बाजूला दिसला की चेहरा परका वाटतो. उलटा केल्यावर बरा वाटला तर फोटोत दोष नाही. लोक तुम्हाला रोज तसंच बघतात. मग तीन फोटो घरच्या एकाला आणि ऑफिसातल्या एकाला दाखवा, दोघांना एकमेकांचं न सांगता. दोघांनी एकच निवडला तर तोच लावा.

डोळा अस्पष्ट, चष्म्यावर चमक, चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड, कॉलर उभी राहिलेली आणि कुणी सांगितलीच नाही, हे दोष मात्र फोटोग्राफरचे. त्यासाठी फेरशूट विनामूल्य मागा, आणि ही अट अ‍ॅडव्हान्स देतानाच मेसेजवर लिहून घ्या.